खुर्द्याचा हिशेब : साथीच्या काळातील ‘अतिरिक्त मृत्यू’ कसे मोजतात?

१/ पानिपतच्या पराभवाची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना जानेवारी १७६१ मध्ये एका सावकारी पत्रातून कळली, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. पत्राची भाषा सांकेतिक होती. दोन मोती गळाल्याचे त्यात होते, गेलेल्या मोहरांची संख्या होती. रुपये आणि खुर्दा किती गेला याची मात्र गणती लागत नसल्याचे कळवले होते. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे उरलेले सारे.

२/ त्या रणातून जे परत आले त्यांत विठ्ठल शिवदेव विंचूरकर होते. निफाड तालुक्यातील विंचूर हे या सरदार घराण्याचे गाव. आज ते लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारामुळे आणि नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यामुळे ओळखले जाते. सरदार परत आल्याची नोंद इतिहासात राहिली. खुर्द्याची नोंद युद्धात राहत नाही आणि साथीच्या रोगातही ती सहसा राहत नाही.

३/ हा थ्रेड त्या खुर्द्याच्या हिशेबाविषयी आहे. साथीत एखाद्या शहराने नेमकी किती माणसे गमावली, हे कसे मोजतात? मुंबईने ते १८९६, १९१८ आणि २०२० मध्ये कसे मोजले? आणि शहराच्या या हिशेबाशी विंचूरसारख्या गावाचा काय संबंध? प्रतिपादन एकच आहे : हा हिशेब साथीच्या वर्षात बिघडतो असे आपण समजतो, प्रत्यक्षात तो त्याआधीच्या साध्यासुध्या वर्षांत बिघडलेला असतो.

४/ प्रथम संकल्पना. ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणजे एक वजाबाकी. ठरावीक काळात सर्व कारणांनी मिळून जितके मृत्यू झाले, त्यांतून साथ नसती तर जितके अपेक्षित होते ते वजा करायचे. समजा, दहा हजार वस्तीच्या गावात दरवर्षी साधारण साठ मृत्यू होतात. साथीच्या वर्षी एकशे दोन झाले. सरकारी यादीत साथीचे बळी अकरा आहेत. वजाबाकी सांगते बेचाळीस. अकरा आणि बेचाळीस यांमधील एकतीस माणसे हा या शास्त्राचा विषय आहे.

५/ मृत्यूचे कारण सरळ विचारून यादी का करू नये? कारण ठरवण्यासाठी चाचणी लागते, डॉक्टर लागतो, त्याने लिहिलेला दाखला लागतो. २०२० मध्ये भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू जेमतेम बावीस-तेवीस टक्के होते. कारणाविषयी वाद होऊ शकतो, माणूस गेला याविषयी होत नाही. म्हणून संशोधक कारणाचा रकाना बाजूला ठेवून आधी डोकी मोजतात.

६/ या वजाबाकीत काय येते, हेही स्पष्ट हवे. साथीने थेट मेलेले येतात. चाचणीविना मेलेले येतात. रुग्णालय भरलेले असल्याने ज्यांचे बाळंतपण, डायलिसिस वा हृदयविकाराचा उपचार राहून गेला, तेही येतात. उलट बाजूने, टाळेबंदीत अपघात घटले तर तेवढे मृत्यू कमी होतात. म्हणजे हा आकडा रोगाचा नसून त्या काळाने घेतलेल्या एकूण किमतीचा आहे. त्याला रोगाचा आकडा म्हणणारे आणि त्याला थोतांड म्हणणारे, दोघेही एकच चूक करतात.

७/ ही रीत नवी नाही. लंडनमध्ये सतराव्या शतकात मृत्यूंची साप्ताहिक पत्रके निघत. जॉन ग्राँटने १६६२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे विल्यम फार याने १८४७ च्या इन्फ्लुएन्झा साथीत ‘इन्फ्लुएन्झा’ म्हणून नोंदलेल्या मृत्यूंवर न थांबता एकूण मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढले ते पाहिले. साथीचा खरा भार नोंदलेल्या भारापेक्षा मोठा असतो, हे तेव्हापासून ज्ञात आहे.

८/ आता मुंबई. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान जाहीर केले. त्यानंतर जे घडले ते आकडेशास्त्राच्या दृष्टीनेही शिकण्यासारखे आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. घरांची झडती, रुग्णांना बळाने हलवणे, कुटुंबीयांना छावणीत ठेवणे, सामान जाळणे हे सुरू झाले. पुण्यात याच संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

९/ भीतीचा पहिला परिणाम नोंदीवर झाला. घरात प्लेगचा मृत्यू झाला असे सांगणे म्हणजे उरलेल्या घरावर धाड ओढवून घेणे. त्यामुळे प्लेगचे मृत्यू इतर तापांच्या आणि छातीच्या विकारांच्या नावावर जाऊ लागले. स्मशानात आणि कब्रस्तानात येणाऱ्या प्रेतांची संख्या मात्र लपवणे अवघड होते. म्हणून पालिकेचे अधिकारी त्या आठवड्यातील एकूण मृत्यू मागील वर्षांच्या त्याच आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहू लागले. ही वजाबाकी त्यांना भीतीने शिकवली आणि ती भीती त्यांच्याच धोरणाने निर्माण केली होती.

१०/ त्या वजाबाकीत एक मोठी अडचण होती. शहरच पळाले होते. १८९७ च्या आरंभापर्यंत मुंबईची जवळपास निम्मी वस्ती आगगाडीने, बोटीने आणि पायी गावाकडे निघून गेली. मृत्युदर काढताना मृत्यूंना लोकसंख्येने भागतात. इथे भाजकच रोज बदलत होता. आठ लाखांच्या हिशेबाने काढलेला दर चार लाखांच्या शहरात सौम्य भासतो. जे निघून गेले त्यांतील जे वाटेत वा गावी मेले, ते मुंबईच्या वहीत कधी आलेच नाहीत.

११/ जनगणनाही फसली. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. जवळपास ४६ हजारांची ही घट म्हणजेच प्लेगचे बळी, असे मानण्याचा मोह होतो. परंतु १९०१ ची गणना प्लेगच्या हंगामातच झाली आणि बरेच लोक शहराबाहेर होते. १९०६ मध्ये पालिकेने पुन्हा गणना केली तेव्हा आकडा पावणेदहा लाखांच्या घरात गेला. दोन गणनांमधील फरक म्हणजे मृत्यू नव्हेत. त्यात ये-जा मिसळलेली असते.

१२/ मुंबई सोडणाऱ्यांच्या वाटा कोठे जात होत्या? एक मोठी वाट कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, निफाड, लासलगाव, मनमाड अशी जात होती. लासलगावचे स्थानक विंचूरपासून अगदी जवळ. रेल्वेने कांदा-धान्य मुंबईला नेले, तशी मुंबईची माणसे आणि त्यांच्यासोबत रोगही जिल्ह्यात आणला. १८९९ मध्ये भगूर येथे दामोदरपंत सावरकर प्लेगने वारले. हा मृत्यू आज ठाऊक आहे, कारण त्यांचे पुत्र पुढे प्रसिद्धीस आले. त्याआधी १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. मोत्यांची आणि मोहरांची नोंद राहते, ती अशी.

१३/ गावातील नोंदीची व्यवस्था मात्र अस्तित्वात होती. मुंबई इलाख्यात पोलीस पाटलाकडे जन्म-मृत्यूची वही असे. महसुली दप्तरात ती आज ‘गाव नमुना नंबर १४’ या नावाने ओळखली जाते. मृताचे नाव, जात, वय, तारीख, कारण असे तिचे रकाने. मयताची वर्दी देण्याचे काम बहुधा गावकामगार महार करीत. तेथून पाटील, तालुका, जिल्हा, इलाखा असा आकड्यांचा प्रवास चाले. ठरलेली कारणे मोजकी : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनविकार, इजा आणि इतर.

१४/ या यादीत ‘ताप’ हा सर्वांत मोठा खड्डा होता. हिवताप, विषमज्वर, बाळंतज्वर, सारे त्यात पडत. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला तेव्हा पाटलाच्या वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता आणि पाटलाला ते नावही ठाऊक नव्हते. जूनमध्ये मुंबईत पहिली लाट आली. सप्टेंबर–ऑक्टोबरची दुसरी लाट प्राणघातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. गावांमध्ये हेच मृत्यू ‘ताप’ या शब्दाखाली नाहीसे झाले.

१५/ त्याच वर्षी पाऊस फसला होता आणि धान्याचे भाव कडाडले होते. उपाशी शरीर इन्फ्लुएन्झाने मेले की भुकेने, हा प्रश्न त्या शरीराला पडत नाही. वजाबाकी दोन्ही मोजते. काहींना यात दोष दिसतो. परंतु त्या वर्षी जनतेचे काय झाले, हा प्रश्न असेल तर दोन्ही मोजणे हेच योग्य उत्तर आहे.

१६/ मग भारतात १९१८-१९ मध्ये किती मेले? सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये सुमारे ६० लाख म्हटले. १९२१ च्या जनगणनेचे आयुक्त मार्टेन यांचा अंदाज १.२ ते १.३ कोटींचा. किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये तो दोन कोटींच्या जवळ नेला. आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये १.७ ते १.८ कोटी मांडले. सिद्धार्थ चंद्र आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटिश प्रांतांसाठी सुमारे १.३९ कोटी काढले.

१७/ एवढा फरक का? प्रत्येकाने ‘नेहमीचे वर्ष’ वेगळे धरले. मागील वर्षे प्लेगची असतील तर सरासरीच फुगलेली असते आणि अतिरिक्त मृत्यू कमी दिसतात. दुसरे कारण असे की, साथ ऐन भरात असताना वही लिहिणारा पाटील आणि वर्दी देणारा महार हे स्वतःच अंथरुणाला खिळलेले असत. मृत्यू सर्वाधिक तेव्हा नोंद सर्वांत दुबळी. आजच्या भारताच्या सीमांत मोजलेली लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती आणि १९२१ मध्ये २५.१३ कोटी झाली. विसाव्या शतकातील घटीचे हे एकमेव दशक.

१८/ तरीही या अपुऱ्या वह्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. मुंबई शहरातील १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा मृत्युदर समाजगटांनुसार काढता आला. युरोपियनांत तो हजारी ८.३ होता, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि ‘खालच्या’ ठरवलेल्या जातींतील हिंदूंत ६१.६. एकच शहर, एकच विषाणू, सातपटीहून अधिक फरक. रोग सर्वांना समान मानतो, या लाडक्या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही.

१९/ हे उत्तर मिळाले, कारण कोणीतरी मृताच्या नावापुढे इतर रकानेही भरले होते. स्त्रियांचेही तसेच. १९१८ मध्ये भारतात पुरुषांपेक्षा स्त्रियांचा मृत्युदर अधिक राहिल्याचे मिल्स यांनी दाखवले. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा करणारी आणि शेवटी जेवणारी व्यक्ती कोण, हे मराठी घरात वेगळे सांगावे लागत नाही. स्त्रिया आणि तान्ही मुले यांचे मृत्यूच नोंदीतून अधिक गळतात. म्हणजे ज्यांचा भार जास्त, त्यांची नोंद कमी.

२०/ आता एकशे दोन वर्षे पुढे. मुंबईत २०१९ मध्ये सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदले गेले. २०२० मध्ये सुमारे १ लाख १२ हजार. वाढ २० हजारांहून अधिक. त्या वर्षअखेर शहरातील कोविडबळींचा अधिकृत आकडा ११ हजारांच्या आसपास होता. म्हणजे वाढीचा जवळपास अर्धा भाग कोविडच्या यादीबाहेर राहिला. लोकल गाड्या सामान्य प्रवाशांसाठी महिनोन् महिने बंद असल्याने रुळांवरचे मृत्यू त्या वर्षी घटले, हेही लक्षात घेतले की ही दरी आणखी रुंदावते.

२१/ इथेही १८९७ चा भाजक पुन्हा अडवतो. २०२० च्या उन्हाळ्यात लाखो मजूर मुंबई सोडून निघाले. मुंबई–आग्रा महामार्गावर कसाऱ्यापासून नाशिकपर्यंत चालणाऱ्यांच्या रांगा साऱ्या देशाने पाहिल्या. म्हणजे वर उल्लेखिलेली वाढ पूर्ण भरलेल्या शहरातील नव्हे, अंशतः रिकाम्या झालेल्या शहरातील आहे.

२२/ एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने राहून गेलेले १,३२८ मृत्यू आपल्या आकड्यात मिळवले; त्यांतील ८६२ एकट्या मुंबईचे होते. तेव्हा ‘आकडे लपवले होते’ असा गदारोळ झाला. परंतु चुकलेला आकडा जाहीरपणे दुरुस्त करणारे शासन हे आकडा कधीच न बदलणाऱ्या शासनापेक्षा अधिक विश्वासार्ह असते. दुरुस्तीची थट्टा केली की पुढची दुरुस्ती होत नाही.

२३/ आता विंचूर. कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. विंचूरचा शेतकरी नाशिकच्या रुग्णालयात गेला तर त्याची नोंद नाशिक महानगरपालिकेत. ग्रामपंचायतीच्या वहीत तो नाही. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, गावोगावचे रुग्ण खाट आणि प्राणवायू शोधत शहरांकडे धावत होते. त्यामुळे शहराची वही फुगते, गावाची आटते. शहराचा अतिरिक्त मृत्यू म्हणून जे मोजले जाते त्यात गावाचे मृत्यू असतात; आणि गावात साथ ‘फारशी नव्हती’ असा निष्कर्ष कागदोपत्री निघतो.

२४/ १८९७ मध्ये शहराचे मृत्यू गावात गेले. २०२१ मध्ये गावाचे मृत्यू शहरात आले. दोन्ही वेळा हिशेब बिघडला तो वास्तव्याचे ठिकाण नोंदीतून पुढे न आल्यामुळे. मृत्यूच्या अर्जात मृताचा कायमचा पत्ता लिहिलेला असतो. परंतु प्रसिद्ध होणारी आकडेवारी प्रामुख्याने नोंदणीच्या ठिकाणानुसार मांडली जाते, ती प्रसिद्ध होते फार उशिरा, आणि गावापर्यंत तर ती परत येतच नाही.

२५/ उशीर किती? २०२१ मधील मृत्यूंचा देशाचा अहवाल मे २०२५ मध्ये बाहेर आला. त्यानुसार २०२० मध्ये सुमारे ८१ लाख असलेले नोंदीत मृत्यू २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख झाले. एका वर्षात २१ लाखांची वाढ. त्या वर्षातील कोविडबळींचा अधिकृत आकडा सुमारे ३.३ लाख. नोंदणीचे प्रमाण सुधारले, लोकसंख्या वाढली, जुन्या नोंदी उशिरा झाल्या, हे सारे वजा केले तरी दरी बुजत नाही.

२६/ त्याआधी, मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ साठी भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख दिला. त्या दोन वर्षांचा अधिकृत आकडा ४.८ लाखांच्या आसपास होता. केंद्र सरकारने संघटनेच्या गणिती प्रारूपावर आक्षेप घेतला. आक्षेप घेण्याचा अधिकार आहेच आणि प्रारूपांत दोष असतातही. परंतु प्रारूप लागते कुठे? जिथे प्रत्यक्ष नोंद वेळेवर मिळत नाही तिथे. अंदाजावर नाराज असणाऱ्याने वही उघडून दाखवावी. चार वर्षे ती मिटलेली ठेवून अंदाज करणाऱ्याला दोष देऊ नये.

२७/ ‘गेलेली माणसे गेली, आता आकडा काय करायचा?’ असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक व्यावहारिक उत्तर. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी दिलेल्या निर्देशांनंतर कोविडबळींच्या वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. चाचणी वा निदानापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, असाही नियम झाला. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्राच्या यादीत सुमारे १ लाख ४१ हजार मृत्यू होते आणि साहाय्यासाठी आलेले अर्ज २ लाखांवर गेले होते.

२८/ त्या अर्जांत काही दुबार होते, काही खोटे होते. परंतु उरलेल्यांत, कागदाने नाकारलेला मृत्यू पुन्हा सिद्ध करायला निघालेली घरे होती. आणि ज्यांच्याकडे चाचणीचा अहवालच नव्हता, घरीच ताप येऊन चौथ्या दिवशी ज्यांचा माणूस गेला, ते अर्ज करणार कशाच्या आधारे? अतिरिक्त मृत्यूचा आकडा एकेका विधवेला पैसे मिळवून देत नाही, हे खरे. परंतु तिच्यासारख्या किती, हे तोच सांगतो. आणि ते कळल्याखेरीज नियम किती अरुंद आहे हे शासनाला दाखवता येत नाही.

२९/ एक शंका रास्त आहे. लहान गावात ही वजाबाकी चालते का? एकट्या गावापुरती फार नाही. वर्षाला साठ मृत्यू होणाऱ्या गावात एखाद्या वर्षी बावन्न, एखाद्या वर्षी अडुसष्ट निव्वळ योगायोगानेही होतात. त्यामुळे एका गावाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. परंतु निफाड तालुक्यातील सर्व गावे मिळवली की योगायोग एकमेकांना पुसून टाकतात आणि साथीची आकृती उरते. विंचूरची वही एकटी बोलत नाही. ती शंभर वह्यांत मिळून बोलते. म्हणूनच तिच्यातील एक गळलेली नोंदही हिशेबातली असते.

३०/ आता इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक प्रश्न. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्रभर जुनी दप्तरे उघडली गेली. न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात गाव नमुना १४ च्या वह्याही तपासल्या गेल्या. मोडी वाचणारे शोधून आणले गेले. पाने स्कॅन झाली. शोध एका रकान्याचा होता : जात. त्याच ओळीत, त्याच शाईत, वय आणि मृत्यूचे कारण हे रकाने आहेत. ऑक्टोबर १९१८ च्या पानांवर ‘ताप’ हा शब्द किती वेळा लिहिला आहे, हे मोजण्याची याहून चांगली संधी पूर्वी आली नव्हती.

३१/ त्यासाठी नवे खाते नको, नवा निधीही फारसा नको. पान वाचणारा माणूस तिथे बसलेलाच आहे. त्याने प्रत्येक महिन्याच्या मृत्यूंची बेरीज, त्यांतील स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुले, एवढे तीन आकडे वेगळ्या कागदावर उतरवले तरी १९१८ चा जिल्हावार, गाववार इतिहास प्रथमच लिहिता येईल. जात शोधण्यासाठी ज्या तत्परतेने दप्तर उघडले, तिच्या दशांश तत्परतेने मृत्यूही वाचावेत, ही मागणी अवास्तव नाही.

३२/ आणि वर्तमानासाठी तीन मागण्या. पहिली : प्रत्येक महिन्याचे एकूण मृत्यू, कारण ठरण्याची वाट न पाहता, पुढील महिन्याअखेर प्रसिद्ध व्हावेत. दुसरी : ते नोंदणीच्या आणि वास्तव्याच्या, अशा दोन्ही ठिकाणांनुसार द्यावेत, म्हणजे नाशिकच्या रुग्णालयातील मृत्यू विंचूरच्या हिशेबातही दिसेल. तिसरी : ग्रामसभेत दरवर्षी जसा जमाखर्च वाचला जातो, तसा गावच्या जन्म-मृत्यूंचा आकडाही वाचला जावा. वगळलेले नाव गावालाच सर्वांत आधी आठवते.

३३/ यात शासनाची बेअब्रू होते, असे समजण्याचे कारण नाही. १८९७ च्या इंग्रज अधिकाऱ्यांपासून शिकण्यासारखे हेच की, नोंद करणाऱ्याला दंड बसतो तेथे नोंद मरते. घराने मृत्यू लपवला, कारण धाडीची भीती होती. उद्या एखाद्या तालुक्याने वा शहराने मृत्यू लपवले, तर तेही ‘सर्वाधिक बळी’ या मथळ्याच्या भीतीनेच. जो जिल्हा अधिक मृत्यू नोंदवतो तो अनेकदा अधिक प्रामाणिक असतो, हे वाचकांनी आणि वृत्तपत्रांनीही शिकायला हवे.

३४/ शेवटी पुन्हा त्या वजाबाकीकडे. साथीच्या वर्षातील मृत्यू मोजायला सारे जग धावते. पण वजा करायची संख्या आधीच्या पाच वर्षांतून येते. ज्या वर्षांत काहीच घडलेले नसते त्यांतून. या आठवड्यात विंचूरमध्ये कोणी वृद्ध स्त्री घरीच, झोपेत, वयोमानाने गेली असेल. तिच्या मृत्यूत कोणाला बातमी दिसणार नाही. घरच्यांनी एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत जाऊन तिचे नाव, वय आणि पत्ता नीट लिहून घ्यावा. पुढच्या साथीचा हिशेब त्या नोंदीवर उभा राहणार आहे.